आडवे चौदा

रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजतो. पलीकडून, रोह्याहून, माझा थोरला भाऊ हैबतराव घोसाळकर ‘हॅलो’सुद्धा न म्हणता विचारतो, "झालं का रे तुझं?" तिऱ्हाइताला वाटेल, थोरला भाऊ धाकट्याच्या पोटाची चौकशी करतोय. तसं काही नाही. तो पेपरातल्या शब्दकोड्याबद्दल विचारत असतो. त्याचं झालेलं असतं, माझं झालेलं नसतं. मग तो म्हणतो, "उभे सहा बघ. सोपं आहे." आणि फोन ठेवून देतो. त्या ‘सोपं आहे’ने गेली एकतीस वर्षं माझा सकाळचा चहा नासवलाय.

दादा कोडं पेनने सोडवतो. मी पेन्सिलीने सोडवतो, आणि शेजारी खोडरबर ठेवतो. एखाद्या उत्तराची खात्री नसेल तर दादा ते घर रिकामं ठेवतो, ठोकून देत नाही. पण अशी वेळ त्याच्यावर फारशी येत नाही, हेच तर माझं दुखणं. आता मी काही ढ नाही. नागोठण्याच्या कंपनीत बत्तीस वर्षं शिफ्ट केल्या, निवृत्त झालो, आणि आता पेणच्या आमच्या आळीतल्या वाचनालयाचा मानद चिटणीस आहे. मानद चिटणीसाला पगार नसतो, वाचनालय बंद करताना पंखे आपण बंद करायचे असतात. पण माणसाला काही इच्छा असते की नाही? माझी एकच होती. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, दादाने मला विचारावं, "हे काय असेल रे?" देवाशपथ, एवढंच.

संधी आली ती वाचनालयाच्या पंच्याहत्तरीला. समितीची सभा भरली. अध्यक्ष इकबालभाई. तीस वर्षं मस्कतला नोकरी करून आलेले आणि जुन्या सिनेमाबद्दल पेणमध्ये शेवटचा शब्द. ग्रंथपाल मृणाली इतिवृत्त लिहायला बसली. कोणी रक्तदान शिबिर सुचवलं, पण आमच्या आळीत दरवर्षी तेच चौघं रक्त देतात आणि त्यांनी या खेपेला विश्रांती मागितली होती. मी घसा खाकरून म्हटलं, "आपण एक शब्दकोड्याची स्पर्धा घेऊ. विषय : मनोरंजन, साहित्य आणि इतिहासातली प्रसिद्ध नावं. कोडं मी रचतो." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. माझ्या मनात काय शिजत होतं ते कोणाला ठाऊक!

बक्षिसाचा प्रश्नही सुटला. हमरापूरचा काळुराम आमचा जुना वाचक. वाचनालयात तो रहस्यकथा न्यायला येतो आणि परत आणतो तेव्हा त्यांच्या पानांना रंग लागलेला असतो. त्याचा गणपतीचा कारखाना आहे. तो म्हणाला, "मी एक मूर्ती देतो. दीड फुटाची, शाडूची. आनि डोळे मी सोता लिहीन, कारागिराला हात लावून देनार नाय." काळुरामने डोळे लिहिणं ही साधी गोष्ट नव्हे, त्यासाठी लोक आखाडापासून नंबर लावतात. टाळ्या पडल्या.

आणि मग सल्ले सुरू झाले. माझा समज होता की कोडं रचायला एकांत लागतो. पेणमध्ये एकांत मिळत नाही, सल्ले मिळतात. शेजारच्या बायजाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "आमच्या मामांचं नाव घाला."

"ते कशासाठी प्रसिद्ध होते?"

"सगल्यांना म्हायत व्हते."

प्रसिद्धीची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही, पण मामांचं नाव दोनच अक्षरी होतं म्हणून वाचलो. इकबालभाईंना एका जुन्या नटीचं नाव हवं होतं. ते मी इथे सांगत नाही, कारण त्या नावाने इकबालभाई अजून हळवे होतात आणि त्यांच्या बायकोला, मुनीराभाभींना, ते खपत नाही. साहित्याच्या बाबतीत तर समितीत दोन तट पडले. एका तटाला ज्यांचं लेखन आवडत होतं ते दुसऱ्या तटाने वाचलेलं नव्हतं, आणि दुसऱ्याला जे आवडत होतं ते कोणीच वाचलेलं नव्हतं. शेवटी दोन्ही बाजूंचे दोन-दोन घेऊन मी समतोल साधला. इतिहास त्या मानाने शहाणा. इतिहासातली माणसं सभेला येत नाहीत. कान्होजी आला, येसूबाई आली. ‘दिवे लावायला ज्याला काडेपेटी लागली नाही असा गवई’ म्हणून तानसेन उभा बसला. ‘पानिपतावर गेला तो गेला असा भाऊ’ म्हणून सदाशिव उभा बसला. दोघं उभे राहिले आणि त्यांच्या मधोमध मी माझा सापळा लावला.

आडवे चौदा. पाच घरं. संकेत असा : ‘ज्याच्या एका मौनाने अख्ख्या रोह्याची बोलती बंद केली असा नट’.

उत्तर : हैबतराव.

व्हय, माझाच थोरला भाऊ! तुम्ही म्हणाल, हा काय वशिला? वशिला नाही, गनिमी कावा. दादाला जगातला प्रत्येक नट, प्रत्येक गवई, प्रत्येक सरदार ठाऊक. त्याला न सुटणारं एकच नाव असू शकत होतं. आणि संकेतात तसूभर खोटं नव्हतं. चाळीस-एक वर्षांपूर्वी रोह्याच्या गणेशोत्सवात एका मास्तरांनी लिहिलेलं ऐतिहासिक नाटक झालं. दादा त्यात क्रूर सुभेदार होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नाटकाच्या नायकाला साखळदंडात त्याच्यापुढे आणतात. सुभेदार काही बोलणार, म्हणून सगळे थांबले. दादा बोललाच नाही. एक मिनिट! पुरतं एक मिनिट तो उजवीकडे शून्यात बघत उभा राहिला. डोळ्यांत असा काही भाव की पहिल्या रांगेतल्या माणसांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. मग त्याने नुसता हात हलवला आणि शिपाई नायकाला फाशी द्यायला घेऊन गेले. तिसऱ्या अंकात तो नायक लागत होता, पण तिकडे कोणाचं लक्ष होतं? टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. पुढे नाटककार मास्तरांनी लेखन सोडलं आणि दादाने रंगभूमी. एकाच नाटकावर अमर होऊन माणूस बाजूला झाला. मी हे सगळं चार हातांवरून पाहिलं, कारण मी विंगेत प्रॉम्प्टर होतो. त्या मौनाबद्दल आमच्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. दादा असली स्तुती ऐकून घेणाऱ्यातला नाही, आणि मी करणाऱ्यातला नाही.

कोडं तयार झालं, पण परवानगी राहिली होती. आमचं वाचनालय अनुदानित आहे. अनुदानित म्हणजे अनुदान दरवर्षी येतंच असं नाही, परवानगी मात्र दरवर्षी घ्यावी लागते. ग्रंथालय कार्यालयातल्या टेबलामागच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्यात बुद्धी किती टक्के आणि नशीब किती टक्के?"

मी प्रामाणिकपणे म्हटलं, "ऐंशी-वीस."

"म्हणजे वीस टक्के जुगार झाला."

मी नशीब पुसून बुद्धी शंभर टक्के केली. मग साहेबांनी शिकवलं तसे नियम वाढत गेले. रचनाकाराची पत्नी व मुलं यांना भाग घेता येणार नाही. निकालानंतर आक्षेपासाठी सात दिवस द्यावेत. मग साहेब पेन टेबलावर आपटत म्हणाले, "समजा, कोणाचंच उत्तर बरोबर आलं नाही, तर वस्तू कुठे जाणार?"

"वाचनालयात राहील की."

"मग डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करा. आणि विसर्जन करणार असाल तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून वस्तू काढायचा, प्रस्ताव पाठवा, तीन प्रतींत. वस्तू निरुपयोगी झाल्याचा दाखला जोडून."

मी कानांना हात लावला. गणपती निरुपयोगी झाल्याचा दाखला पेणमध्ये कोण देणार, सांगा! गाव जाळून टाकील आपल्याला. साहेबांनाच माझी दया आली आणि त्यांनी आणखी एक नियम सुचवला : योग्य उत्तर न आल्यास बक्षीस रचनाकारास देण्यात येईल. मी आनंदाने सही ठोकली. अशी सही करणाऱ्याचा हात तिथल्या तिथे कोणी धरत कसं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

कोडं छापून आलं. पहिली प्रत मी दादाला पोस्टाने पाठवली. तिसऱ्या दिवशी सात-दहाला फोन. "तुझं कोडं आलं. ठीक आहे."

"झालं का तुझं?" मी विचारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं!

पलीकडे पेनाचं टोपण वाजलं. मग, "होतंय."

होतंय! मी फोन ठेवला आणि बायकोला, अनिताला, दुसरा चहा टाकायला सांगितलं. ती म्हणाली, "लॉटरी लागली की काय?" दुसऱ्या दिवशी दादा हवामानावर बोलला. तिसऱ्या दिवशी नातवाच्या दातांवर. कोड्याचा ‘को’ नाही! माणूस तडफडत होता, पण विचारत नव्हता. मीही ठरवलं, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि ह्या नादात दरवर्षी आषाढातच मी एक काम करतो ते राहून गेलं. आमचा गणपती रोह्याला, दादाच्या घरी. मूर्ती मात्र हमरापूरहून मी बुक करतो आणि मी घेऊन जातो. तेवढं धाकट्याचं काम. यंदा ते विसरलो.

तीनशे अठरा उत्तरं आली. तपासणीला इकबालभाई आणि मृणाली. मी रचनाकार म्हणून बाहेर बाकावर बसलो. संध्याकाळी इकबालभाई डोकं धरून बाहेर आले. "काय वो चिटणीस, हे काय करून ठेवलंत? सगल्यांनी चौदा आडवा चुकवलाय! दोनशे लोकांनी लिहिलंय वसंतराव."

काना-मात्रा धरायच्या नाहीत असा कोड्याचा नियम, म्हणून तानसेनमुळे मधला ‘त’ मिळत होता, सदाशिवमुळे शेवटचा ‘व’. आणि महाराष्ट्रात वसंतरावांना काय तोटा? उरलेल्यांनी अनंतराव आणि जयंतराव लिहिलं होतं. बरोबर एकाचंही नाही. पाच-सहा कुपनं अपूर्ण म्हणून बाजूला पडली होती. त्यातल्या एकीने तर, इकबालभाई म्हणाले, कमालच केलीन. सगळं बरोबर लिहून चौदाची घरं रिकामी ठेवली आणि खाली टीप : ‘उत्तर माहीत आहे. लिहिणार नाही.’ "इतकी घमेंड बरी नाय," इकबालभाई म्हणाले.

निकाल लागला : विजेता नाही. खरं उत्तर गणपतीनंतरच्या स्मरणिकेत यायचं होतं, त्यामुळे ते आम्हा तिघांनाच ठाऊक. मग काय विचारता! वसंतरावांचे नातेवाईक वाचनालयात यायला लागले. गडबहून एक गृहस्थ फोटो घेऊन आले. त्यांचे अनंतराव काका म्हणे रोह्याच्या एका लग्नात रागावून दोन दिवस बोलले नव्हते, आणि सगळं रोहे हादरलं होतं. "पण ते नट होते का?" मी विचारलं. "एक नंबरचे नाटकी," गृहस्थ म्हणाले. बायजाबाईंनी तर सरळ सांगितलं, "मामांना घातलं असतात, तर येका झटक्यात सुटलं असतं."

आणि दोन दिवसांनी दुपारी माझ्या दारात टेम्पो उभा राहिला. काळुराम स्वतः मूर्ती घेऊन आला होता. नियमाप्रमाणे बक्षीस रचनाकाराला! मी दारातच हात जोडले. "काळुराम, ही परत ने बाबा."

"साहेब, पाटावर तुमच्या नावाची चिठ्ठी लागली. नाव लागलेली मूर्ती मागारी घेत नाय आमी. बापजाद्यांनी कधी घेतली नाय."

"मग दुसऱ्या कोणाला दे."

"कोनाला देऊ? ज्याच्या घरी हाय त्याचा बुक हाय. ज्याच्या घरी नाय तो यंदा आनून पुढच्या वर्षापासून दरसाल कुठून आनंल?"

एव्हाना आळी जमली होती. बायजाबाई म्हणाल्या, "देव दारात उभा हाय आनि तुमी वाद घालताव?" अनिता आतून आरतीचं तबक घेऊन आली, मला कोपराने बाजूला सारून तिने मूर्तीला ओवाळलं, आणि गणपती आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी येऊन बसला. डोळे असे लिहिलेले की मी खोलीत कुठेही गेलो तरी माझ्याकडेच बघतोय असं वाटायचं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, गणपती घरी आला, ह्यात रडण्यासारखं काय? तर ऐका. आमच्याकडे भाऊ दहा गावांना राहोत, चुली दहा असोत, गणपती एक असतो, थोरल्याच्या घरी. धाकट्याने आपल्या घरी वेगळा गणपती आणला, म्हणजे भाऊ वेगळे झाले. त्याला कागद लागत नाही, वकील लागत नाही. टेम्पो दारात उभा राहिला की वाटणी झाली. आमच्या आजोबांच्या वेळचे दोन चुलते असेच वेगळे झाले, ते एकमेकांच्या तेराव्यालाही गेले नाहीत. अनिता मूर्तीवर ओढणी घालून मटकन खाली बसली. "काय केलंत हो तुम्ही! दादांना काय तोंड दाखवायचं? रोह्याचा बुक केला नाहीत आणि स्वतःच्या घरी दीड फुटी!"

बातमी टेम्पोच्या आधी रोह्याला पोचली होती. दुसऱ्या दिवशी सात-दहाला फोन वाजला नाही. सात-पंधराला नाही, आठला नाही. एकतीस वर्षं ज्या फोनला मी शिव्या घातल्या, त्याच्यासमोर मी आंघोळ न करता नऊपर्यंत बसून राहिलो. शेवटी मीच लावला. शकूवहिनींनी उचलला. म्हटलं, "वहिनी, मूर्ती मी रोह्याला घेऊन येतो." त्यांनी आत विचारलं आणि परत येऊन हळू आवाजात सांगितलं, "हे म्हणतात, त्याच्या नावाचा गणपती माझ्या घरात कशाला? त्याचा त्याला लखलाभ. आमचा आम्ही बघू."

आमचा आम्ही! मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. चार दिवस कसे काढले माझं मला ठाऊक. तोवर चतुर्थी चार दिवसांवर आली होती. पाचव्या दिवशी सकाळची एसटी धरली. वडखळला अर्धा तास अडकलो, पुढे खड्ड्यांनी सगळी हाडं मोजून घेतली, आणि साडेअकराला रोह्याला दादाच्या दारात.

दादा पडवीत खुर्चीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "या. बसा."

दादा मला ‘या’ म्हणाला! अहो-जाहो! ह्यापेक्षा त्याने चप्पल मारली असती तर बरं वाटलं असतं. मी डेड स्टॉकपासून सगळं सांगत सुटलो, परवानगी, नियम, सही, पाटावरची चिठ्ठी. तो ऐकून घेत होता, चेहरा कोरा. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "एकाने, फक्त एकाने जरी ते कोडं बरोबर सोडवलं असतं, तरी ही वेळ आली नसती!"

दादा खाली वाकला. खुर्चीच्या बाजूच्या पेपरांच्या गठ्ठ्यातून त्याने माझं कोडं बाहेर काढलं. घड्यांवर फाटलेलं. सगळी घरं निळ्या शाईने भरलेली, चौदाची रिकामी. "वसंतराव लिहिणार होतो," तो म्हणाला, "पण खात्री नव्हती." कागद त्याने माझ्यापुढे धरला. मान खाली. "महिनाभर धड झोप नाही मला. कोण आहे हा? सांग."

विचारलं! दादाने मला विचारलं! ज्या क्षणासाठी एवढं रामायण घडवलं तो क्षण माझ्यापुढे हात पसरून बसला होता. काय सांगू? ‘तूच’ म्हणून? आमच्या घराण्यात भावाने भावाला ‘तू थोर आहेस’ असं तोंडावर आजवर म्हटलेलं नाही. माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "तू... तू ओळख ना."

"मला ठाऊक आहे," आतून आवाज आला.

शकूवहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "ह्यांनी कोडं बाजूला टाकलं त्या दिवशीच मी दुसरं कुपन मागवलं होतं, आमच्या शेजारच्या फिजाकडून. ती जाते ना पेणला कॉलेजला. ह्यांची उत्तरं उतरवून काढली आणि कुपन पाठवलं पण होतं. तुम्ही नाकारलंत."

मी ताडकन उभा राहिलो. "‘लिहिणार नाही’वाली तुम्ही?"

"मग लिहू कशी, भावजी?" वहिनींनी पदर सावरला. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, ते नाव कधी तोंडाने घेतलं नाही की हाताने लिहिलं नाही. रेशनच्या अर्जावरसुद्धा मुलाकडून लिहून घेते. कुपनावर पूर्ण नाव मागितलं होतं, तिथेही ‘सौ. शकू, रोहे’ एवढंच लिहिलं."

हाय रे कर्मा! त्यांनी पूर्ण नाव लिहिलं असतं तर मधल्या नावात उत्तर आयतं आलं असतं. दादा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याच्या अजून डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी इकबालभाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. वाचनालयात सभाच चालू होती, बायजाबाई होत्या आणि गडबचे अनंतरावांचे पुतणे पण होते.

"आक्षेप आहे," मी ओरडलो. "आज सातवा दिवस! सौ. शकू, रोहे, यांचं म्हणणं, उत्तर माहीत असताना अपूर्ण ठरवलं."

मृणालीने नियम काढला. आक्षेप मुदतीत होता. "पण सर, त्या तुमच्या नात्यातल्या निघाल्या तर?"

"नियमात पत्नी आणि मुलं आहेत. वहिनी कुठे आहे?"

तिकडे खुसुरफुसुर झाली. मग इकबालभाईंचा आवाज आला. "वहिनी नाय नियमात. ठीक हाय. पन उत्तर तर सांगाया लागंल, भाभी. समितीसमोर. नावानिशी."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी ट्रे खाली ठेवला, डोक्यावरून पदर घेतला, आणि नव्या नवरीसारखं खाली बघत, पण खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"तानसेन उभा, सदाशिव उभा, कोड्यात अडलं गाव,
पाच घरांत राहायला आले हैबतराव!"

फोनमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. बायजाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर, "वा गो बाय!" इकबालभाई म्हणत होते, "बराबर! येक अक्षर कमी नाय, येक जास्त नाय! मूर्ती भाभींच्या नावावर. मृणाली, लिही." पुतण्याने अनंतरावांच्या वतीने निषेध नोंदवला, तो कोणी ऐकला नाही. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. गणपती रोह्याचा झाला होता. काळुराम चिठ्ठी बदलून देईल, मी पाट डोक्यावर घेऊन येईन, आम्ही वेगळे झालो नव्हतो.

मी फोन बंद केला आणि दादाकडे वळलो. तो खुर्चीत ताठ बसला होता, उजवीकडे शून्यात नजर लावून. तीच नजर! तेच मौन! चाळीस वर्षांनी पुन्हा मी चार हातांवरून ते बघत होतो, अंगावर काटा आला.

"उत्तर चुकीचं आहे," दादा म्हणाला.

"अरे, चुकीचं कसं? अख्ख्या रोह्याने पाहिलंय. असा अभिनय पुन्हा झाला नाही."

"अभिनय कसला, गाढवा? मी वाक्य विसरलो होतो."

वहिनींनी कप मांडायला घेतले.

"विसरलो होतो," दादा पुन्हा म्हणाला. "एक शब्द आठवेना. म्हणून हात हलवला, त्या बिचाऱ्या नायकाला फाशी देऊन टाकली. आणि उजवीकडे शून्यात नव्हतो बघत मी. उजवीकडे विंगेत तू होतास, पुस्तक घेऊन. तुझ्याकडे बघत होतो. सांग रे, सांग रे, म्हणून डोळ्यांनी ओरडत होतो. आयुष्यात एकदा तुला विचारलं. आणि तू काय करत होतास?"

मला आठवलं. पुस्तक काखेत होतं.

"टाळ्या वाजवत होतो," मी म्हटलं.

"म्हणून तर रोज सकाळी विचारतोय, झालं का तुझं," दादा म्हणाला, आणि इतका मोठ्याने हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. हसता हसता विचारलं, "पण वाक्य होतं तरी काय?" दादाने डोकं खाजवलं. त्याला आठवेना. मला तर त्या दिवशीच आठवलं नव्हतं. आम्ही दोघं जन्माचे कोडी सोडवणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

"‘सोडा त्याला’," वहिनी कपात चहा ओतत म्हणाल्या. "दोनच शब्द होते."

दादा वळला. "तुला काय ठाऊक?"

"तालमी माझ्या माहेरच्या ओसरीवर व्हायच्या. सगळं नाटक पाठ होतं मला. तुम्ही विसरलात ते तेव्हाच कळलं होतं."

"मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?"

वहिनींनी त्याच्या हातात कप दिला. "तुम्ही विचारलंत कधी?"